उधाणाची गैरहजेरी

सकाळी साडेसहाची जादा बॅच. माशेलच्या शाळेचा वरचा मजला,
अकरा मुलं आणि एक ट्यूबलाइट,
जिला पेटायला माझ्या पहिल्या वाक्याइतका वेळ लागतो.
बारावीचं पुस्तक बाजूला ठेवून पुढचं शिकवते,
विद्यापीठात पहिल्याच महिन्यात जे अंगावर येतं
ते आधीच अंगवळणी पडावं म्हणून.

उगम तारी. शेवटचा बाक, खिडकीकडचा.
येतो तेव्हा त्याला सगळं येतं.
येत नाही तेव्हा तीन-तीन दिवस येत नाही.
फोन केला की आई म्हणते, निजलाय.
निजलाय!
मी लाल पेनाने फुल्या मारत गेले,
ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर.

नाताळच्या सुट्टीत टक्केवारी काढायला पट उघडला
आणि मोजता मोजता हात थांबला.
तीन-चार फुल्या, मग अकरा दिवस स्वच्छ,
पुन्हा तीन-चार.
वीस वर्षं मुलांना सांगत आलेय,
आधी आकृती काढा, मग बोला.
काढली. लाट निघाली.
आवर्तकाल पंधरा दिवसांना थोडा कमी.
भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिलं:
अमावास्या, पौर्णिमा, अमावास्या.

पुढच्या अवसेला रात्री स्कूटर काढली, नवऱ्याला मागे बसवलं.
जुव्याचा पूल येईपर्यंत तो विचारत होता,
नक्की काय बघायचंय?

बांधावर बॅटरी हलत होती.
मामाने पावणीत बोली लावून घेतलेली मानस,
खाजणाच्या बांधातलं ते जुनं लाकडी दार;
पैसे भरून झालेत, मासळी यायची आहे.
उगम गुडघाभर चिखलात, जाळ्याची दोरी मनगटाला.
लाजला नाही. म्हणाला, बाई, थोडं थांबा,
आता थांबेल.

आत शिरणारं पाणी हळू झालं, आणखी हळू.
त्याच्याबरोबर आलेलं नारळाचं एक सोडण
दारापाशी येऊन उभं राहिलं.
ना आत, ना बाहेर.

फळ्यावर हे मी हजारदा लिहिलंय:
शिखरावर स्पर्शिका आडवी, उतार शून्य.
खडूच्या दोन रेघा.
त्या शून्याला चिखलाचा वास असतो,
त्यात डास चावतात,
आणि कुणीतरी श्वास रोखून उभं असतं
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

किती वेळ टिकतं? मी विचारलं.
पुस्तकात क्षणभरही नाही, तो म्हणाला.
हंगा एक विडी ओढून होईपर्यंत.
मामाने विडी विझवली.
"उदक थारलें म्हूण न्हिदचें न्हय."
सोडण वळलं.

जानेवारीच्या चाचणीत मी मुद्दाम विचारलं,
पाण्याची उंची सर्वांत जास्त असताना बदलाचा दर किती?
त्याने शून्य सिद्ध केलं, दुसरं विकलन ऋण दाखवलं,
आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं:
जाळं तयार ठेवावं.
अनावश्यक मजकुराला अर्धा गुण कापायचा, असा माझाच नियम.
लाल पेन उघडं ठेवून बराच वेळ बसले.
टोक सुकलं.

काल प्रवेशपरीक्षेच्या तारखा आल्या.
मी पंचांग मागितलं तेव्हा सासूबाई चमकल्या.
मुहूर्त बघतेस? तू?
नाही, म्हटलं, उधाण आहे की भांग ते बघते.
फिजिक्सचा पेपर अष्टमीला. भांग.
त्या रात्री पाणी आळशी असतं, मामा एकटा पुरेल.

गणिताचा मात्र सहा दिवसांनी, चतुर्दशीला,
सकाळी नऊ वाजता, पणजीत.
आदल्या रात्री दोरी धरायला एक माणूस हवा.
नवऱ्याला अजून विचारलेलं नाही.